भौतिकशास्त्राचे पुस्तक कोण लिहिणार?

जालना जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात १४ एप्रिलच्या व्यासपीठासमोर बसा. वक्ते आपल्या माणसांची नावे अभिमानाने घेतात. कवी, शाहीर, आत्मकथाकार, वकील, न्यायाधीश, कलेक्टर, आमदार. ती घ्यायलाच हवीत. ज्या समाजाला अक्षर शिवू दिले गेले नाही, त्या समाजाने दोन-तीन पिढ्यांत मराठी साहित्याचा नकाशा बदलून टाकला. परंतु या यादीत एक माणूस सहसा नसतो. विद्यापीठात भौतिकशास्त्र शिकवणारा आणि त्या विषयाचे पाठ्यपुस्तक लिहिणारा प्राध्यापक त्या यादीत नसतो. तो नाही याची खंतही कुणी बोलून दाखवत नाही. ही खंत या लेखात मांडायची आहे, कारण बाबासाहेबांनी ती ऐंशी वर्षांपूर्वीच सरकारदरबारी लेखी मांडली होती.

१९४२ चे निवेदन

जुलै १९४२ मध्ये बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. त्याच वर्षी २९ ऑक्टोबरला त्यांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचे सविस्तर निवेदन दिले. नोकऱ्या, कायदेमंडळ, सरकारी कंत्राटे असे अनेक विषय त्यात आहेत. आपले लोक शिक्षणाच्या प्रकरणाकडे मात्र पुरेसे लक्ष देत नाहीत. कला आणि कायदा या शाखांच्या पदव्यांनी अस्पृश्य समाजाची स्थिती फारशी बदलणार नाही, त्याला खरी गरज विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणाची आहे, असा त्यांचा मुद्दा होता. ते शिक्षण महागडे आहे, अस्पृश्य मुलाला ते स्वतःच्या बळावर परवडणार नाही, म्हणून सरकारने भार उचलावा, अशी त्यांची मागणी होती. आकडेही त्यांनी दिले. देशातल्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शिक्षणासाठी वर्षाला दोन लाख रुपये आणि परदेशी शिक्षणासाठी एक लाख.

हे लिहिणारा माणूस स्वतः अर्थशास्त्राचा डॉक्टर आणि बॅरिस्टर होता. कला आणि कायद्याच्या शिक्षणाने त्याला घडवले होते. तरीही समाजासाठी मागताना त्याने प्रयोगशाळा मागितली. १९४४ साली अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज तिला आपण नुसते ‘स्कॉलरशिप’ म्हणतो आणि फॉर्म भरतो. तिच्यामागची मूळ मागणी विज्ञानशिक्षणाची होती, हे फॉर्म भरणाऱ्या किती मुलांना कुणी सांगितले?

नागसेनवन आणि जालन्याची मुले

बाबासाहेब मागण्या करून थांबले नाहीत. १९४५ मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी, १९४६ मध्ये मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय आणि १९५० मध्ये औरंगाबादला महाविद्यालय. तेव्हाचे औरंगाबाद म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. तिथल्या इमारतीची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते बसवली गेली. मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता. निजामाच्या राजवटीत इथल्या मुलाला पदवीसाठी हैदराबाद गाठावे लागे, आणि तिथल्या उस्मानिया विद्यापीठाचे माध्यम उर्दू होते. गावकुसाबाहेरच्या पोराला ना ते अंतर झेपत होते, ना ती भाषा.

जालना तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, तो औरंगाबाद जिल्ह्याचा भाग होता. १ मे १९८१ रोजी जालना जिल्हा झाला. औरंगाबाद जिल्ह्यातले जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद आणि परभणी जिल्ह्यातले परतूर हे तालुके त्यात आले. आज बदनापूर, घनसावंगी, मंठा धरून आठ तालुके आहेत. म्हणजे नागसेनवनात महाविद्यालय उघडले तेव्हा ते जालना-अंबडच्या मुलांसाठी आपल्याच जिल्ह्यातले महाविद्यालय होते. काचीगुडा-मनमाड लोहमार्गावरची साठेक किलोमीटरची वाट, एवढेच अंतर उरले होते.

त्या महाविद्यालयाला बाबासाहेबांनी मिलिंदाचे नाव दिले. मिलिंद राजा प्रश्न विचारीत असे आणि भिक्खू नागसेन उत्तरे देत असत. उत्तराने समाधान होईपर्यंत राजा मान डोलवीत नसे आणि समाधान झाल्यावर हार मान्य करायला लाजत नसे. विज्ञानाची रीत यापेक्षा वेगळी नाही. पुढे या महाविद्यालयातून कला आणि विज्ञान अशी दोन महाविद्यालये झाली. मिलिंद कला महाविद्यालयाचे नाव साहित्यामुळे महाराष्ट्रभर गाजले. डॉ. म. ना. वानखडे, डॉ. गंगाधर पानतावणे, ‘अस्मितादर्श’ ही नावे आपल्या ओठावर आहेत. नागसेनवनात विज्ञान महाविद्यालयही होते आणि आहे, तिथेही आपली मुले खडूने समीकरणे लिहीत होती, हे मात्र आपण विसरलो.

मराठवाड्यातून गेलेली पुस्तके

२३ ऑगस्ट १९५८ रोजी मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. मागासलेल्या भागातले, साधने तोकडी असलेले विद्यापीठ अशीच त्याची ओळख होती. अशा विद्यापीठातला भौतिकशास्त्राचा प्राध्यापक देशभर चालणारे पाठ्यपुस्तक लिहू शकतो का? याचे उत्तर या विद्यापीठानेच दिले आहे. भौतिकशास्त्र विभागाचे प्राध्यापक आणि प्रमुख राहिलेल्या प्रा. बी. बी. लाड यांनी इंग्रजीत लिहिलेली पुस्तके देशातल्या कितीतरी विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांत संदर्भग्रंथ म्हणून लागली.  विद्युतचुंबकीवर एक पुस्तक, सांख्यिकीय यामिकीवर पुस्तके, आणि सर्वांत गाजलेले ‘लेझर्स अँड नॉन-लिनिअर ऑप्टिक्स’.

लेसर पहिल्यांदा प्रत्यक्षात चमकला तो १९६० मध्ये, अमेरिकेत, थिओडोर मेमन यांच्या प्रयोगशाळेत. त्यानंतर साधारण पंचवीस वर्षांत मराठवाड्यातला एक प्राध्यापक त्याच विषयावर एम.एस्सी.च्या मुलांसाठी पुस्तक लिहितो. अणूला बाहेरून ऊर्जा देऊन वरच्या पातळीवर कसे नेतात, तिथून तो खाली येताना प्रकाश कसा देतो, दोन आरशांमध्ये त्या प्रकाशाची ताकद कशी वाढते, आणि तीव्र प्रकाश एखाद्या स्फटिकातून गेल्यावर त्याचा रंगच कसा बदलतो, हे तो पायरीपायरीने समजावून सांगतो. भारतीय प्रकाशकाने भारतीय किमतीत काढलेले हे पुस्तक परदेशी ग्रंथ विकत घेऊ न शकणाऱ्या मुलाच्या हाती आले. पुण्या-मुंबईच्या बाहेर, कोरडवाहू मुलखात बसून हे काम झाले. मागास भागातून विज्ञान होत नाही, असे म्हणणाऱ्यांना यापेक्षा वेगळे उत्तर द्यायची गरज नाही.

शोधनिबंध शेपन्नास माणसे वाचतात. पाठ्यपुस्तक हजारो वाचतात आणि वर्षानुवर्षे वाचतात. तरीही आपल्या विद्यापीठीय व्यवस्थेत बढतीचे गुण मोजताना शोधनिबंधाचा तोरा मोठा आणि पाठ्यपुस्तक लिहिणारा म्हणजे ‘नोट्सवाला’, अशी एक भावना आहे. हा दृष्टिकोन ज्यांच्या घरात तीन पिढ्यांची पुस्तकांची कपाटे आहेत, त्यांना परवडतो. आपल्याला परवडत नाही.

पुस्तक हाच मास्तर

पहिल्या पिढीतल्या विद्यार्थ्याला अडले तर तो कुणाला विचारणार? बाप स्टीलच्या कारखान्यात, आई दुसऱ्याच्या कपाशीत. शेजारी इंजिनिअर काका नाही. शिकवणीला पैसे नाहीत. महाविद्यालयात तासिका तत्त्वावरचे मास्तर दर वर्षी बदलतात. अशा मुलाचा खरा मास्तर म्हणजे पुस्तक. पुस्तक जात विचारीत नाही, तेच पान दहा वेळा उघडले तरी चिडत नाही. मात्र ते चांगले असले पाहिजे. एक पायरी गाळून ‘यावरून हे उघड आहे’ असे जो लेखक लिहितो, त्याला ती पायरी घरातच कुणीतरी समजावून दिलेली असते. ज्याला कुणी दिलेली नाही, तो त्या ‘उघड’ शब्दापाशी अडतो आणि आपलीच बुद्धी कमी आहे असे समजून पुस्तक मिटतो. कितीतरी मुलांचे विज्ञान असे एका गाळलेल्या पायरीवर संपले आहे.

चांगले पुस्तक काय करू शकते, याचे उदाहरण मायकेल फॅरेडे. लोहाराचा मुलगा, शाळा जेमतेम, लंडनमध्ये पुस्तक-बांधणीच्या दुकानात उमेदवार. बांधायला आलेली पुस्तके तो रात्री वाचत असे. त्यात जेन मार्सेट या बाईंनी सामान्य वाचकांसाठी संवादरूपात लिहिलेले रसायनशास्त्राचे पुस्तक होते. त्या पुस्तकाने त्याला विज्ञानाकडे ओढले, हे फॅरेडे मोठेपणीही कृतज्ञतेने सांगत. याच फॅरेडेने १८३१ मध्ये विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला.

त्या शोधाशी जालन्याचे नाते आहे. जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत भंगार लोखंड वितळवणाऱ्या ज्या इंडक्शन भट्ट्या आहेत, त्या फॅरेडेच्या नियमावरच चालतात. तांब्याच्या वेटोळ्यातून उलटसुलट वाहणारी वीज सोडली की मधल्या लोखंडात प्रवाह निर्माण होतात आणि ज्वाळा न लावता ते लोखंड वितळते. महाराष्ट्रभर घरे बांधायला जालन्याची सळई जाते. त्या भट्टीसमोर दीड हजार अंशांच्या आसपास वितळलेल्या लोखंडाच्या झळा कोण सोसतो? बहुतेक आपलीच आणि परप्रांतातून आलेली गरीब माणसे. भट्टीचा ताप आपल्या वाट्याला आणि भट्टीचे शास्त्र दुसऱ्याच्या वाट्याला, ही कामाची वाटणी नव्हे. बाबासाहेबांनी सांगितले होते की जात ही श्रमाची नव्हे, श्रमिकांची विभागणी आहे. भट्टीवरच्या कामगाराची मुलगी उष्णतेवर आणि विद्युतचुंबकीवर पुस्तक लिहील, तेव्हाच ही विभागणी मोडली असे म्हणता येईल.

उष्णतेचे पुस्तक लिहिणारा दुकानदाराचा मुलगा

उष्णतेवरचे पुस्तक म्हटले की एक मोठे नाव समोर येते, डॉ. मेघनाद साहा. त्यांचा प्रवास आपल्या वाचकांनी मुळातून समजून घ्यावा. ६ ऑक्टोबर १८९३ रोजी ढाका जिल्ह्यातल्या शेवडातली गावी त्यांचा जन्म झाला. वडील जगन्नाथ साहा यांचे किराणा मालाचे छोटे दुकान. ते अस्पृश्य नव्हते, परंतु बंगालच्या जातिव्यवस्थेत साहा ही खालची मानलेली जात होती. गावातली शाळा संपली आणि पुढची शाळा काही मैलांवर. मुलाने दुकानात बसावे असे घरच्यांना वाटत होते. अनंतकुमार दास नावाच्या डॉक्टरांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. मुलाने आपले ताट आपण घासायचे आणि गाईची देखभाल करायची, या अटीवर. ताट वेगळे घासण्याचा अर्थ आपल्या वाचकांना समजावून सांगायला नको. तागाच्या कंपनीत काम करणारा मोठा भाऊ आपल्या तुटपुंज्या पगारातून दरमहा पाच रुपये पाठवीत असे.

ढाक्याच्या शाळेत शिष्यवृत्ती मिळाली. बंगालच्या फाळणीविरुद्धच्या आंदोलनात गव्हर्नरच्या भेटीवर बहिष्कार टाकला म्हणून शिष्यवृत्ती आणि शाळा दोन्ही गेले. दुसऱ्या शाळेने घेतले. १९११ मध्ये कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजात दाखल झाले. वर्गात सत्येंद्रनाथ बोस, शिकवायला जगदीशचंद्र बोस आणि प्रफुल्लचंद्र राय. एवढ्या ज्ञानवंतांच्या सहवासातही ईडन हिंदू वसतिगृहात सवर्ण मुलांनी त्यांना आपल्या पंगतीला बसू दिले नाही, सरस्वतीच्या पूजेतही त्यांना मज्जाव झाला. विद्येच्या देवतेच्या दारातून हाकललेला हा मुलगा पुढे विद्येच्या बळावर ताऱ्यांपर्यंत पोचला.

१९२० मध्ये साहा यांनी मांडलेले समीकरण आजही खगोलशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला शिकावे लागते. ताऱ्यांच्या प्रकाशाचा पट पाहिला की वेगवेगळ्या ताऱ्यांत वेगवेगळ्या काळ्या रेषा दिसतात. मग प्रत्येक तारा वेगळ्या द्रव्याचा बनला आहे काय? साहा यांनी दाखवले की तापमान आणि दाब बदलला की तेच अणू आपले इलेक्ट्रॉन गमावून वेगळ्या रेषा दाखवतात. याच समीकरणाच्या आधारे सेसिलिया पेन या तरुण संशोधिकेने १९२५ मध्ये दाखवले की ताऱ्यांची घडण मुळात बरीचशी सारखीच आहे, त्यात हायड्रोजन आणि हेलियम प्रचंड प्रमाणात आहेत. आपल्या चळवळीच्या माणसाला यातला अर्थ चटकन कळेल. वेगळेपण दिसले म्हणजे मूळ द्रव्य वेगळे असते असे नाही. कुणाला किती ताप आणि किती दाब सोसावा लागला, हेही बघावे लागते.

याच माणसाने पाठ्यपुस्तके लिहायला कमीपणा मानला नाही. १९१९ मध्ये सत्येंद्रनाथ बोस यांच्याबरोबर त्यांनी आइनस्टाइन आणि मिंकोव्स्की यांचे सापेक्षतेवरचे जर्मन निबंध इंग्रजीत आणले, आणि कलकत्ता विद्यापीठाने ते १९२० मध्ये छापले. १९२३ मध्ये ते अलाहाबाद विद्यापीठात प्राध्यापक झाले आणि तिथे पंधरा वर्षे राहिले. १९२७ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे सदस्यत्व मिळाले. अशी कीर्ती असताना १९३१ मध्ये बी. एन. श्रीवास्तव या सहकाऱ्याबरोबर त्यांनी उष्णतेवरचे पाठ्यपुस्तक काढले. त्याचा पुढे वाढवलेला ‘ट्रीटाइज ऑन हीट’ हा ग्रंथ भारतातल्या विद्यार्थ्यांच्या अनेक पिढ्यांनी वापरला. जगातल्या पहिल्या रांगेतला शास्त्रज्ञ विद्यार्थ्याच्या पुस्तकासाठी आपली वर्षे खर्च करतो, कारण वसतिगृहाच्या व्हरांड्यात एकटा बसून पुस्तकच वाचणारा मुलगा त्याने पाहिलेला असतो. तो मुलगा स्वतः तोच होता.

साहा आणि बाबासाहेब यांची कामे एका नदीकाठी जुळतात. १९४३ च्या दामोदर नदीच्या महापुरानंतर साहा यांनी अमेरिकेतल्या टेनेसी खोऱ्याच्या धर्तीवर दामोदर खोऱ्याच्या विकासाची कल्पना आपल्या ‘सायन्स अँड कल्चर’ या नियतकालिकातून मांडली. सरकारी बाजूने ती योजना पुढे नेणारे मजूरखात्याचे मंत्री होते बाबासाहेब. ३ जानेवारी १९४५ रोजी कलकत्त्यात त्यांच्या अध्यक्षतेखाली त्यासाठी परिषद झाली. १९४८ मध्ये दामोदर व्हॅली कॉर्पोरेशनचा कायदा झाला. पाटावर बसून पोथी वाचणाऱ्यांनी नव्हे, पंगतीबाहेर बसवलेल्या दोघांनी या देशाला धरण, वीज आणि नियोजन म्हणजे काय ते शिकवले. सगळे विज्ञान वेदांत आधीच आहे, असे म्हणणाऱ्यांची साहा यांनी बंगाली नियतकालिकात जी खरडपट्टी काढली, तीही वाचण्यासारखी आहे. १९५२ मध्ये ते लोकसभेवर निवडून गेले. १६ फेब्रुवारी १९५६ रोजी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी ६ डिसेंबरला आपण पोरके झालो.

कुठली पायरी तुटलेली आहे?

‘मूकनायक’च्या पहिल्या अंकात, ३१ जानेवारी १९२० रोजी, बाबासाहेबांनी हिंदू समाजाला मजल्यांच्या पण जिना नसलेल्या मनोऱ्याची उपमा दिली होती. विद्यापीठाच्या इमारतीला कागदोपत्री जिना आहे. प्रवेशाला आरक्षण आहे, शिष्यवृत्ती आहे, संशोधनाला ‘बार्टी’ची अधिछात्रवृत्ती आहे, परदेशासाठी राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शिष्यवृत्ती आहे. मग भौतिकशास्त्राचा प्राध्यापक आपल्यातून इतका क्वचित का येतो? जिन्याच्या काही पायऱ्या तुटलेल्या आहेत म्हणून.

पहिली पायरी भाषेची. मंठ्याच्या जिल्हा परिषद शाळेतली मुलगी दहावीपर्यंत बल, त्वरण, संवेग, जडत्व हे शब्द शिकते. त्यांचे अर्थ तिला कळलेले असतात. अकरावीला एका उन्हाळ्यात ते फोर्स, ॲक्सिलरेशन, मोमेंटम, इनर्शिया होतात. विज्ञान तेच असते, पण तिला वाटते की आपल्याला काहीच येत नाही. पदवीच्या पातळीवरची मराठी पुस्तके काढण्यासाठी नागपूरला विद्यापीठ ग्रंथनिर्मिती मंडळ उभे राहिले होते, पण विज्ञानाच्या वर्गातले अध्यापन इंग्रजीतच राहिले आणि तो प्रवाह आटला. इंग्रजी सोडा असे इथे कुणी म्हणत नाही. बाबासाहेबांची लेकरे इंग्रजीला पाठ दाखवणार नाहीत. परंतु दोन्ही भाषांना जोडणारे, एका बाजूला मराठी शब्द आणि शेजारी इंग्रजी संज्ञा ठेवून पायरी न गाळता समजावणारे पुस्तक कुठे आहे? ते कोण लिहिणार?

दुसरी पायरी प्रयोगशाळेची. विज्ञान शाखा उघडणे सोपे, प्रयोगशाळा चालवणे कठीण. प्रवेश एका कॉलेजात आणि मूल शिकवणी वर्गात, हा प्रकार मराठवाड्यात सर्रास झाला आहे. ज्याने व्हर्निअर कॅलिपर हातात धरला नाही, लोलकाचे आंदोलन घड्याळ लावून मोजले नाही, त्याचे भौतिकशास्त्र पर्यायी उत्तरांपुरते उरते. ज्याच्या घरी पैसा आहे तो शिकवणीने परीक्षा काढतो. ज्याच्याकडे नाही, त्याच्या हाती ना परीक्षा, ना प्रयोग.

तिसरी पायरी घरातली. विज्ञान घेतले तर डॉक्टर किंवा इंजिनिअर, नाहीतर डी.एड., नाहीतर स्पर्धा परीक्षा. मूळ विज्ञानात एम.एस्सी., पुढे नेट-सेट, पीएच.डी. म्हणजे वयाच्या तिशीपर्यंत घरी पगार नाही. गरीब घराला हे थांबणे परवडत नाही, आणि त्याबद्दल आई-बापाला दोष देण्यात अर्थ नाही. त्यांना आधार देणे ही समाजाची जबाबदारी आहे.

चौथी पायरी पदाची, आणि इथे तर सरळ हत्यार उपसले गेले. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या २०१७ च्या निकालानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने ५ मार्च २०१८ रोजी परिपत्रक काढले की प्राध्यापकांच्या जागांचे आरक्षण संपूर्ण विद्यापीठ धरून नव्हे, एकेका विभागाप्रमाणे मोजावे. तेरा बिंदूंच्या त्या रोस्टरमध्ये चौथी जागा ओबीसींना, सातवी अनुसूचित जातींना, चौदावी अनुसूचित जमातींना. आता हिशेब करा. ज्या भौतिकशास्त्र विभागात सहाच जागा आहेत, तिथे आपल्या माणसाची पाळी कधी येणार? देशभर आंदोलन झाले, मार्च २०१९ मध्ये केंद्राला अध्यादेश काढावा लागला आणि त्याच वर्षी केंद्रीय शिक्षणसंस्थांसाठी कायदा झाला, संस्था हे एकक परत आले. रस्त्यावर उतरलेल्या लोकांनी ही पायरी वाचवली. पण रोस्टर वाचले तरी जागा भरल्याच नाहीत तर? तासिका तत्त्वावर दर वर्षी नवा करार करणाऱ्या मास्तराला उद्याच्या पगाराची चिंता असते. पाठ्यपुस्तक लिहायला स्थैर्य लागते, ग्रंथालय लागते, तेच व्याख्यान वीस वर्षे देऊन मुले नेमकी कुठे अडतात याचा अनुभव लागतो. दहा महिन्यांच्या करारावर पुस्तक लिहिले जात नाही. म्हणून रिक्त जागांचा प्रश्न हा नोकऱ्यांइतकाच ज्ञान कोण लिहिणार याचाही प्रश्न आहे.

आपल्या हातात काय आहे?

सरकारकडे मागायचे ते मागूच. रिक्त पदे भरा, शिष्यवृत्ती वेळेवर द्या, प्रत्येक तालुक्यात चालणारी प्रयोगशाळा द्या. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचे मराठवाडा संकुल २०१८ पासून जालन्यात आहे. जिल्ह्यातल्या जिल्हा परिषद शाळांची मुले त्या संकुलाच्या दारातून आत जातील, अशी मागणी आपल्या संघटनांनी का करू नये?

परंतु काही कामे आपलीच आहेत. जयंतीच्या वर्गणीतला एक वाटा विहारातल्या विज्ञानाच्या कपाटासाठी निघू शकतो. आपल्या विहारांत ग्रंथालये आहेत, त्यांत बुद्ध आणि धम्म, संविधान, लेखन आणि भाषणांचे खंड आहेत. त्याच कपाटात अकरावी-बारावीची, बी.एस्सी.ची भौतिकशास्त्राची चांगली पुस्तके हवीत. एच. सी. वर्मा यांचे ‘कन्सेप्ट्स ऑफ फिजिक्स’ हवे, लाड यांची पुस्तके हवीत. एक भिंग, एक लोलक, एक विद्युतघट आणि तांब्याची तार एवढ्यावर रविवारचा वर्ग सुरू होतो. आपल्यातले जे विज्ञानाचे शिक्षक निवृत्त झाले आहेत, त्यांना आपण सत्काराची शाल देतो. शालीबरोबर एक जबाबदारीही द्यावी, दोन भाषांतली एक पुस्तिका लिहिण्याची. विषय लहान असला तरी चालेल. फक्त उष्णता, फक्त प्रकाश, फक्त वीज. अट एकच, पायरी गाळायची नाही.

आणि एम.एस्सी. करणाऱ्या आपल्या पोरापोरींना ‘पुढे काय?’ एवढेच विचारून गप्प बसवू नका. त्यांच्यातला एखादा टिकून राहावा म्हणून दोन-चार नोकरदार घरांनी मिळून तीन वर्षे आधार द्यावा. बाबासाहेबांना बडोद्याच्या महाराजांनी मदत केली होती. आज आपल्यातच मदत करू शकणारी माणसे तयार झाली आहेत.

शेवटी एक गोष्ट. पाठ्यपुस्तकाच्या पहिल्या पानावर लेखकाच्या नावाखाली त्याच्या विद्यापीठाचे नाव छापलेले असते. लाड यांच्या पुस्तकांवर ते ‘मराठवाडा विद्यापीठ’ असे आहे. तीच ती दशके, ज्यांत त्या नावासाठी या मराठवाड्यात घरे जळत होती. २७ जुलै १९७८ च्या विधिमंडळाच्या ठरावापासून १४ जानेवारी १९९४ पर्यंत सोळा वर्षे लोकांनी मार खाल्ला, तुरुंग भोगला, प्राण दिले, तेव्हा विद्यापीठाच्या कमानीवर डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे नाव लागले. कमानीवरचे नाव येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसते. पुस्तकावरचे नाव केरळच्या, आसामच्या, परदेशातल्या विद्यार्थ्याच्या टेबलावर जाऊन बसते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ हे नाव घेऊन भौतिकशास्त्राचे एक पुस्तक देशभर जावे आणि त्याचा लेखक किंवा लेखिका घनसावंगीच्या, जाफराबादच्या, भोकरदनच्या एखाद्या वस्तीतून आलेली असावी. नामांतरासाठी ज्यांनी रक्त दिले, त्यांचे एवढे देणे आपल्यावर आहे. ते फेडायला दहा-पंधरा वर्षे लागतील. म्हणूनच या जून महिन्यात अकरावी विज्ञानाला जाणाऱ्या मुलीपासून सुरुवात करावी लागेल.